राजघाटचा नवा पूल

मोगलसराई मागे पडली आणि गाडी संथ चालू लागली, की डब्यातील म्हातारी माणसे सावरून बसत. कनवटीला जपून ठेवलेले नाणे हाती येई. थोड्याच वेळात लोखंडी तुळयांमधून गाडीचा घोष सुरू होई आणि डाव्या हाताच्या खिडक्यांशी एकच गर्दी उसळे. सकाळची वेळ असेल तर ऊन पाठीमागून येऊन समोरच्या काठावर पडलेले असे, आणि दक्षिणेस दूर अस्सीपासून थेट राजघाटापर्यंत घाटांची ती सारी चंद्रकोर एका दृष्टिक्षेपात मावे. माझ्या आजीने काशीयात्रा आयुष्यात एकदाच केली. परत आल्यावर ती विश्वनाथाच्या दर्शनापेक्षा पुलावरून घडलेल्या ह्या दर्शनाविषयीच अधिक बोलत असे. देवळात, ती म्हणे, पुढच्या बायकांच्या पाठींखेरीज काही दिसले नाही. काशी पाहिली ती गाडीच्या खिडकीतून.

त्या पुलाच्या शेजारी आता दुसरा पूल व्हावयाचा आहे. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहारविषयक समितीने वाराणसी ते पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन ह्या टप्प्यावरील रूळमार्ग वाढविण्याची योजना मंजूर केली. मोगलसराई स्टेशनाचे २०१८ पासून हेच नाव आहे. योजनेचा खर्च २,६४२ कोटी रुपये, मुदत चार वर्षांची. तिच्यातील मुख्य काम म्हणजे गंगेवरील हा पूल. त्याच्या खालच्या मजल्यावर चार रूळमार्ग असतील आणि वरच्या मजल्यावर सहा पदरी रस्ता.

पूल हवा, हे प्रथमच सांगून टाकतो. नव्या कामाविषयी कोणी शंका काढली, की तो सुधारणेचा शत्रू ठरतो. तसा माझ्याविषयी गैरसमज होऊ नये. सध्याचा पूल १८८७ साली वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वी पावसाळा सरल्यावर येथे होड्यांचा पूल बांधीत, आणि पुराच्या दिवसांत तोही नसे. अवध-रोहिलखंड रेल्वेने बांधलेल्या ह्या पुलास तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन ह्यांचे नाव मिळाले. १९४८ साली ते जाऊन पंडित मदनमोहन मालवीय ह्यांचे आले. वरून ग्रँड ट्रंक रस्ता आणि खालून दोन रूळमार्ग, असा भार तो वाहत आला आहे. पूर्वेकडून येणारा कोळसा, सिमेंट, धान्य आणि दिल्लीकडून कलकत्त्याकडे धावणारी उतारूंची रांग ह्यांना ह्या दोन रुळांवर एकमेकांची वाट पाहत तिष्ठावे लागते. सव्वाशेहून अधिक वर्षे सेवा केलेल्या लोखंडास विसावा द्यावा, ह्यात वाद घालण्याजोगे काही नाही.

शिवाय पूल बांधणे हे आपल्याकडे पुण्यकर्मच समजले गेले आहे. प्रयाग, काशी आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा करणाऱ्या मराठी यात्रेकरूस काशीहून गयेस जाताना कर्मनाशा नदी आडवी येई. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर जोडलेले सर्व पुण्य नष्ट होते, अशी समजूत. पैसे असणारे यात्रेकरू माणसाच्या खांद्यावर बसून नदी ओलांडीत. नसणारे काय करीत, ते देवच जाणे. नाना फडणिसांनी ह्या नदीवर दगडी पूल बांधावयास घेतला. परंतु तिच्या वाळूत पाया टिकेना आणि पूल अपुरा राहिला. पुढे १८३१च्या सुमारास राजा पटनीमल ह्यांच्या पैशाने आणि जेम्स प्रिन्सेपच्या आराखड्याप्रमाणे तो पूर्ण झाला. नानांसारख्या सावध कारभाऱ्यास जी गोष्ट तेव्हा नदीने शिकविली, तिची आठवण ठेवूनच आपण राजघाटाकडे वळू.

राजघाट म्हणजे काशीचे उत्तर टोक. काशीचा सारा पश्चिम काठ कंकरमिश्रित कठीण मातीचा आणि उंच आहे; समोर पूर्वेस मात्र सपाट वाळू. उत्तरवाहिनी गंगा बाहेरच्या वळणाने ह्या उंच काठाशी लगटून वाहते, म्हणूनच घाटांखाली पाणी बारमाही खोल असते. ह्या कठीण धारेचा शेवटचा उंचवटा म्हणजे राजघाटाचे पठार. त्याच्या उत्तरेस वरुणा नदी गंगेस मिळते. संगमावर आदिकेशवाचे देऊळ आहे. पठाराच्या अंगावरच काशी स्टेशन आहे, पुलाचे तोंड आहे, आणि त्याच्या पायथ्याशी पूर्वीचा खिडकिया घाट, जो १५ नोव्हेंबर २०२४ पासून नमो घाट ह्या नावाने मोठ्या थाटात खुला झाला. दक्षिणेस लागलीच जुन्या शहराच्या गल्ल्या सुरू होतात. एका बाजूस संगम, दुसऱ्या बाजूस घाट आणि पाठीशी दाट वस्ती, अशा ह्या चिंचोळ्या जागेत सहा पदरांचा रस्ता उतरावयाचा आहे.

रस्ता उतरल्यावर पुढे काय होणार, हा माझा पहिला प्रश्न. पूल जितका रुंद, तितकी गर्दी लवकर सुटते, असे पुलावर उभे राहून पाहिले तर वाटते. पण वाहन पुलावर राहावयास आलेले नसते. त्यास पुढे मैदागिनकडे, चौकाकडे, गोदौलियाकडे जावयाचे असते. तेथील रस्ते बैलगाडी आणि पालखी ह्यांच्या मापाने पडलेले आहेत. नळ मोठा बसविला आणि हंडा तोच राहिला, तर पाणी ओसरीवर येते. २०२५च्या फेब्रुवारीत प्रयागच्या महाकुंभाहून काशीस लोटलेल्या समुदायाने ह्याची प्रचीती दिली. दशाश्वमेधावरील संध्याकाळच्या आरतीचे सार्वजनिक रूप काही दिवस आवरते घ्यावे लागले. घाटावर उभे राहण्यास जागा नसेल, तर नदीपलीकडून आणखी सहा रांगा येऊन काय साधणार?

ह्यातील बरीचशी वाहने काशीस येणारी नाहीतच. दिल्लीहून बंगालकडे जाणाऱ्या मालमोटारीस विश्वनाथाशी कर्तव्य नसते. तिच्यासाठी दक्षिणेस रामनगरच्या बाजूने विश्वसुंदरी पूल आहे, शहराबाहेरून वळसा घालणारा वर्तुळमार्गही आखलेला आहे. वाटसरू वाहनांना बाहेरची वाट दाखवावी आणि शहरात येणाऱ्यांना शक्य तितके रेल्वेने आणावे, हे कोणताही नगररचनाकार सांगेल. येथे एकाच पुलाचे दोन मजले परस्परविरुद्ध दिशांनी ओढताना दिसतात. योजनेमुळे हवेत जाणारा कर्बवायू घटेल, असे मंजुरीच्या सरकारी निवेदनात म्हटले आहे. चार रूळमार्गांच्या बाबतीत ते खरे ठरेल. मालगाडी मालमोटारीपेक्षा पुष्कळच कमी इंधनात तेवढेच ओझे नेते. पण वरच्या मजल्यावर सहा पदरी रस्ता करून मोटारींना शहराच्या गाभ्यात बोलावणे धाडावयाचे, म्हणजे एका हाताने जमा आणि दुसऱ्या हाताने खर्च. जमाखर्च मांडणाऱ्याने दोन्ही रकाने दाखवावयास हवेत.

आता नदीकडे येतो. पुलाच्या खांबांसाठी नदीच्या तळात खोल विहिरी उतरवाव्या लागतात. खांब उभा राहिला, की प्रवाह त्यास वळसा घालतो, त्याच्या भोवतीचा तळ खरवडतो आणि ती वाळू पुढे कोठेतरी नेऊन टाकतो. वळणावरच्या नदीत हे कोठेतरी म्हणजे कोठे, हे आधी अचूक सांगणे फार कठीण असते. जुन्या खांबांशी शतकभर चाललेला हा व्यवहार आता स्थिरावला आहे. त्याच्या शेजारी नवी रांग उभी राहणार म्हणजे नदीस तो हिशेब पुन्हा मांडावा लागेल. काशीचा काठ भक्कम दिसतो, तितका तो सोशिक नाही. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे ह्यांनी १८३०च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट स्वतःच्या भारानेच खचला. त्याच्या पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ कललेल्या स्थितीत आजही उभे आहे. प्रवासी हौसेने त्याची छायाचित्रे घेतात. मला ते देऊळ स्थापत्यखात्याने भिंतीवर लावून ठेवावे अशा सूचनेसारखे वाटते.

पुराचे मापही ह्या राजघाटावरच घेतात. येथे धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरली आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. गंगा चढली, की वरुणेचे पाणी तुंबून उलटे फिरते आणि तिच्या दोन्ही काठांवरील गरीब वस्त्यांना घरदार सोडून शाळांच्या इमारतींत आसरा घ्यावा लागतो. बरीच वर्षे हे चालले आहे. पुलाचे पोचरस्ते, भराव आणि स्टेशनाचा विस्तार ह्यांमुळे त्या पाण्याची वाट थोडी जरी आवळली, तर त्याची झळ प्रथम ह्याच लोकांना बसेल.

आणि नदीत केवळ पाणीच नसते. गंगा शुद्धीची पहिली मोठी योजना १९८६ साली ह्याच शहरी सुरू झाली. तिच्या ओघात अर्धवट जळून नदीत गेलेली प्रेते खाणारी मऊ कवचाची कासवे वाढवून पाण्यात सोडण्यात आली, आणि १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून ह्या मालवीय पुलापर्यंत सुमारे सात किलोमीटरांचे पात्र कासवांचे अभयारण्य म्हणून राखून ठेवले गेले. २०२० साली ते अभयारण्य येथून काढून टाकण्यात आले. अभयारण्याचे राखीवपण सरकारी कागदावर होते, म्हणून तेथून पुसता आले; कासवांना त्याची वार्ता कोणी दिली असेल असे वाटत नाही. गंगेतील डॉल्फिनही ह्याच पाण्यात असतो. नावाडी त्यास सूँस म्हणतात. तो जवळजवळ आंधळा असून आवाजाच्या पडसादावर वाट काढतो. पात्रात विहिरी उतरविण्याचे काम महिनोन्महिने चालेल, तेव्हा त्या प्राण्याचे जग केवढ्या कोलाहलाने भरून जाईल, ह्याची आपणांस कल्पना करणे अवघड आहे.

कायदा काय म्हणतो? पर्यावरणीय पूर्वपरवानगीसंबंधीची जी अधिसूचना २००६ साली निघाली, तिच्या यादीत रेल्वेमार्गांचा समावेशच नाही. त्यामुळे धरणास किंवा कारखान्यास जी जाहीर सुनावणी घ्यावी लागते, तशी सुनावणी रेल्वेच्या पुलास घ्यावी लागत नाही. मात्र ऑक्टोबर २०१६ मध्ये गंगेच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने जो आदेश काढला, त्यान्वये गंगेवरील पूल, त्यांचे जोडरस्ते आणि बांध ह्यांना स्वच्छ गंगेच्या राष्ट्रीय अभियानाची पूर्वमान्यता लागते. म्हणजे एक दार बंद असले, तरी दुसरे उघडे आहे. काशीत घाटापासून दोनशे मीटरांच्या आत नव्या बांधकामास मनाई आहे. पडकी भिंत उभी करावयाची तरी गृहस्थास कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. त्याच्या परसात नवा कोनाडा झाला तर गंगेस धोका पोचतो, ही दृष्टी योग्यच आहे. तीच दृष्टी सहा पदरांच्या पुलाकडे पाहतानाही कायम राहावी, एवढेच मागणे आहे.

राजघाटाच्या पोटात काय आहे, हे आपणांस कळले तेही रेल्वेमुळेच. १९४०च्या सुमारास काशी स्टेशनाच्या विस्तारासाठी मातीचे उत्खनन चालले असता तेथे जुन्या भिंती, मृण्मूर्ती आणि मातीच्या मुद्रांची रास लागली. त्यांतील कित्येक मुद्रांवर गुप्तकालीन लिपीत अविमुक्तेश्वर हे काशीच्या स्वामीचे नाव होते. पण जाणती माणसे पोचेपर्यंत कुदळीने बरेच काम करून टाकले होते. राय कृष्णदासांसारख्या रसिक संग्राहकाने जे मिळेल ते वेचून भारत कला भवनात नेले. १९४० साली पुरातत्त्व खात्याने तेथे खणले, आणि १९५७ पासून हिंदू विश्वविद्यालयाच्या वतीने प्राध्यापक अवधकिशोर नारायण ह्यांनी पद्धतशीर उत्खनन केले. त्यातून येथील वस्ती इसवी सनापूर्वी आठशे वर्षांच्या आसपास मागे जाते, असे दिसून आले. काशी जगातील अतिप्राचीन नगरांपैकी एक, असे आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो. ते ज्या जमिनीच्या साक्षीवर सांगतो, ती जमीन ही. तिचा एक भाग लालखानाच्या मकबऱ्यालगत संरक्षित आहे, आणि संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत बांधकामास बंदी आहे. त्यापलीकडची माती मात्र अजून पुष्कळशी न वाचलेलीच राहिली आहे. पुलाच्या पोचरस्त्यासाठी ती उपसली जाणारच असेल, तर यंत्रापूर्वी उत्खनकाची खुरपी तेथे लागली पाहिजे. १९४० साली झाले ते अजाणतेपणी झाले. आता तशी सबब सांगता यावयाची नाही.

जमिनीवरची माणसेही आहेत. स्टेशनाच्या आसपास, किल्ला कोहना भागात, पिढ्यान्पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. त्यांतील कित्येकांजवळ कागद नाहीत, केवळ वहिवाट आहे. आणि कागद असले म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. ह्याच पठारावर सर्व सेवा संघाचे सुमारे तेरा एकरांचे आवार होते. महाराष्ट्रातील कित्येक घरांतून विनोबांची जी हिंदी पुस्तके आढळतात, त्यांवर राजघाट, वाराणसी हा पत्ता छापलेला असतो. तो ह्या आवाराचा. तरुण विनोबा १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईस जावयाचे सोडून काशीस आले, ते ब्रह्मजिज्ञासेने. आणि हिंदू विश्वविद्यालयातील गांधीजींच्या भाषणाची हकीकत येथेच वाचून त्यांच्या आयुष्यास निराळी दिशा लागली. जमीन आमची, असा रेल्वेचा दावा. आम्ही ती रीतसर विकत घेतली, असे संघाचे म्हणणे. जिल्हाधिकाऱ्यांचा निकाल रेल्वेच्या बाजूने लागला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील इमारती पाडण्यात आल्या. मालकीचा वाद न्यायालयांनी पाहावा; त्यावर येथे मत देणे उचित नव्हे. मला एवढेच वाटते, की न्यायाचा शेवटचा शब्द येईपर्यंत ग्रंथालयाच्या छपरास थांबता आले असते.

मग करावे काय? रुळांचा मजला व्हावा, आणि लवकर व्हावा. जुन्या पुलावरचा रस्ता थकला असेल तर त्याच्या बदली तेवढाच, फार तर थोडा अधिक रुंद रस्ता नव्यावर यावा, आणि त्यावर पायी चालणाऱ्यास व सायकलीस प्रशस्त वाट असावी. पूर्वेच्या काठावर पडाव येथे मोटारी थांबवून यात्रेकरूंना बसने वा आगगाडीने पलीकडे आणता येईल. आगगाडी तर खालच्या मजल्यावरून धावणारच आहे. नदीविषयी सांगावयाचे तर आपल्या पुण्याजवळ खडकवासल्यास १९१६ पासून चालत आलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा आहे. नदीची प्रतिकृती रचून, तीत पाणी सोडून, खांबांमुळे तळ कोठे खरवडेल आणि गाळ कोठे साचेल हे तेथे पाहतात. अशी चाचणी ह्या पुलासाठी व्हावी आणि तिचे निष्कर्ष हिंदीत, साध्या भाषेत छापून काशी स्टेशनाच्या भिंतीवर लावावेत. वरुणेच्या काठच्या माणसास ते वाचता आले पाहिजेत. पुराचे पाणी त्याच्याच घरात शिरणार आहे.

मागील कार्तिकात मी काही आप्तांसह पंचतीर्थी केली. अस्सीवरून नावेत बसावयाचे, दशाश्वमेधावर स्नान, मग प्रवाहाबरोबर थेट आदिकेशवापर्यंत, आणि तेथून उलट वल्हवीत पंचगंगा व मणिकर्णिका. आदिकेशवास जाताना नाव मालवीय पुलाखालून जाते. वर आगगाडी धडधडत होती, त्याच्याही वर मोटारींचे भोंगे. नावाड्याने बोलणे थांबविले, वल्ही आवरली आणि खांबापाशी फिरणाऱ्या पाण्याकडे नजर ठेवून नाव अलगद मधल्या गाळ्यातून काढली. पलीकडे गेल्यावर मी त्यास नव्या पुलाविषयी विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘बाबूजी, नवे खांब जुन्या खांबांच्या ओळीत घालणार, की त्यांच्या मधल्या फटीसमोर? ओळीत घातले तर नाव निघेल. फटीसमोर घातले तर पाणी कोठून जाणार आणि आम्ही कोठून?’’ शिकल्यासवरल्या माणसांच्या चर्चेत हा प्रश्न मी ऐकला नव्हता. परत आल्यावर त्याच्याच शब्दांत तो लिहून काढला आणि संबंधित कचेरीकडे टपालाने पाठवून दिला.